खळीचे हात

“म्हणजे मेले अजून आहेतच?” बाइंडरीणबाईंचा आवाज चढला.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढे सरकवला. “आहेत. हे जंतू जठराच्या आतल्या अस्तराला धरून राहतात, त्यांच्यामुळे अस्तर सुजतं. आता तर व्रणही दिसतोय. रक्त जायला लागलं तर नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही.”

“अस्तर सुटलं तर मी पुस्तकाला नवं चिकटवून देतो,” बाइंडर म्हणाले. “तुमच्याकडे ती सोय नाही म्हणायची.”

कुणी हसलं नाही. बाइंडरीणबाईंना तर त्या क्षणी नवऱ्याच्या तोंडालाच काहीतरी चिकटवावंसं वाटलं.

“दोनदा गोळ्या झाल्या, पंधरा पंधरा दिवस. मी समोर बसून गिळायला लावल्या.”

“मधला रिपोर्ट स्वच्छ होता, म्हणजे गोळ्यांनी काम केलं. जंतू पुन्हा कुठून तरी येताहेत. तुमची तपासणी झालीय, तुमच्यात काही नाही. यांच्या उष्ट्यात आणखी कोण असतं? त्या माणसाला स्वतःला काही त्रासही होत नसेल.”

“कुणी नसतं,” बाइंडर भिंतीकडे बघत म्हणाले. “मी एकटा जेवतो.”

सात महिने हेच चाललं होतं. बाई तांब्याभांडी उकळत होत्या, पाणी गाळून पुन्हा उकळत होत्या, तिखट बंद केलं होतं. डब्यात मऊ भात भरून भरून त्यांच्या नाकी नऊ आले होते. डबा संध्याकाळी चाटूनपुसून रिकामा येई आणि माणूस मात्र वाळत चालला होता. विचारलं तर “बरा आहे” यापलीकडे चकार शब्द नाही. गोळ्यांबद्दल तक्रार नाही, पोटाबद्दल नाही. अशा माणसापुढे कपाळ बडवून घ्यायचं की त्याचं बडवायचं, हे बाईंना कळेनासं झालं होतं.

पूर्वी बाइंडर एकटे जेवत नसत. दुकानात बाप आणि लेक दोघं. दुपारी एकाचे तरी हात चिकटवायच्या खळीत असायचेच, आणि ओली खळ टाकून उठलं की पुस्तकाचा पुठ्ठा वाकडा बसतो. म्हणून ज्याचे हात कोरडे, त्यानं एक घास स्वतः खायचा, एक दुसऱ्याला भरवायचा. डबा एक, चमचा एक. दुसरा चमचा दिला तर तो तसाच परत यायचा.

मग दीड वर्षापूर्वी लेकानं नव्या छापखान्यात नोकरी धरली, जिथे यंत्र तासाला हजार पुस्तकं बांधतं. बापाच्या नाकावर राग, लेक त्याहून वरचा. “या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस,” बाप म्हणाला आणि लेकानं खरंच टाकलं नाही. दुकानातलं त्याचं स्टूल बाइंडरांनी माळ्यावर फेकलं. त्याचं नाव घरात निघालं की ते ताटावरून उठत. पोट बिघडल्यावर तर बाईंनी ते नाव काढायचंच सोडून दिलं. उठले असते तर चार घासही पोटात गेले नसते.

पण आईच ती. दर मंगळवारी संध्याकाळी बाजाराला म्हणून निघायची आणि लेकाच्या खोलीवर जायची. त्याच डब्यातून नेलेलं, त्याच चमच्यानं त्याला खाऊ घालायची, डबा घासून परत आणायची. नवऱ्याला तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती.

आता हेच तिला खाऊ लागलं. आपल्यात काही नाही, घरात दुसरं कुणी नाही. मग त्या चमच्यालाच काही चिकटून येत असेल तर? रात्रंदिवस उकळलेल्या भांड्यांत हा एकच डबा कधी उकळला नव्हता, कारण तो संध्याकाळी इतका स्वच्छ यायचा. चमच्याच्या दांड्यालाही कधी खळीचा डाग नसे. म्हातारपणी का होईना, हात धुऊन जेवायला शिकले, असं तिला वाटलं होतं.

मंगळवारी तिनं लेकाला सगळं सांगितलं.

“परत त्यांना त्या लोखंडाच्या चवीच्या गोळ्या?” तो पुटपुटला.

“तू तपासून घे. आजच. चल माझ्याबरोबर.”

“आई, नको. मी बघतो माझं.”

“बापाच्या पोटात व्रण पडलाय आणि तू माझं-तुझं करतोस? दोघंही एकाच दगडाचे!” तिला रडूच फुटलं. “तू त्यांच्याशी बोलू नकोस, ते तुझ्याशी बोलायचे नाहीत. मधल्यामधे मी भांडी उकळत मरते.”

“बरं. पण दुसऱ्या दवाखान्यात जाऊ.”

“का? कागद सगळे तिथे आहेत. चल म्हटलं ना.”

 दवाखान्याच्या दाराशी त्याचे पाय अडखळले, तेव्हा तिनं लहानपणी धरायची तसा त्याचा दंड धरला. बाइंडरांच्या कानावर जाऊ नये म्हणून काय सांगायचं, ते तिनं वाटेत ठरवून ठेवलं होतं.

खिडकीवरच्या बाईंनी चष्मा वर करून दोघांकडे पाहिलं.

“हा माझा भाचा,” बाइंडरीणबाई घाईघाईनं म्हणाल्या. “आमच्याकडे जेवतो कधीकधी. ती पिशवीत फुंकायची तपासणी याची करायचीय.”

लेकानं मान खाली घातली. खिडकीवरच्या बाईंनी वही मागे उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“भाचा? अहो, यांची तपासणी परवाच झाली. तुमचे मिस्टर स्वतः घेऊन आले होते. हे बघा, त्यांनीच लिहून दिलंय: ‘पुतण्या. रोज दुपारी मला भरवतो.’”