संताजीरावांच्या नावाची चाचणी

"चाचणीच्या निरोपात माझंच नाव घाल की," संताजीराव म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या जित्या माणसाचं घातलंस तर तो भांडायला येईल. मी नाही भांडणार. अष्टे, एवढंच!"

"अय्यो, शुभ बोला हो जरा!" त्यांच्या पत्नी गौराबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

मृण्मयीला हसू आवरेना. नोकरीसाठी नाशिकहून आलेली ही मुलगी म्हैसूरच्या बोगादीतल्या या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची आणि रविवारी लॅपटॉप घेऊन खाली उतरायची. दुपार सुस्तावली होती. पंखा पेंगत फिरत होता, खिडकीतून येणारं ऊन फरशीवर सांडून तिथेच झोपून गेलं होतं.

शहरातल्या जुन्या रंगारी मराठी घरांत कुणी गेलं की पहिला फोन यायचा संताजीरावांना. मग पुढे सगळ्यांना कळवायचं ते त्यांनी. आता घसा साथ देईना, म्हणून मृण्मयीने तिच्या आवाजात निरोप देणारी सोय सर्व्हरवर करून दिली होती. पण ती सोय एकामागून एक फोन लावी. परवा शेवटच्या घरी फोन गेला तेव्हा इकडे चिता पेटलेली. पोटच्या पोरीला बापाचं तोंड दिसलं नाही. संताजीराव त्या दिवशी जेवले नाहीत.

पीएचपी ही संगणकभाषा मुळात एका वेळी एकच काम धरणारी. थ्रेड झेपणारी तिची वेगळी आवृत्ती सकाळपासून सर्व्हरवर बसता बसत नव्हती. आता कुठे बसली.

"एकेक थ्रेड म्हणजे फोन करणारा एकेक माणूस, काका. सगळे एकदम कामाला लागणार."

"आणि सगळ्यांनी रंगाच्या एकाच वाटीत ठसा बुडवला तर? कापड बाद!"

"म्हणून तर प्रत्येकाला आपापली वाटी दिलीय. आता चाचणीसाठी नंबर सांगा. घरातलेच हं!"

त्यांनी आपला सांगितला, गौराबाईंचा सांगितला. तिने स्वतःचा घातला. थोडं थांबून त्यांनी आणखी एक सांगितला. "दुकानातला जुना फोन. कपाटात पडलाय सुम्ने, उगाच."

मृण्मयीने कळ दाबली. तीन फोन एकदम खणाणले, अगदी एका श्वासात. तिने टाळीच वाजवली. पण कपाट गप्प.

तिने कपाट उघडलं. आत घडी केलेली धोतरं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. पडद्यावर मात्र चौथ्या थ्रेडने लिहिलं होतं: फोन उचलला, निरोप शेवटपर्यंत ऐकला.

"थ्रेड एकमेकांत गुंतले वाटतं. पुन्हा लावते."

"नको पोरी," संताजीराव घाईने म्हणाले. "एकदा पुरे."

तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. दाढी केली होती. आणि आत गौराबाई कुरकुरत होत्या, दोघांच्या घरात एवढा भात कशाला सांगितला म्हणून.

"काका, तो नंबर कुणाचा?"

"शामूचा," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे ओशाळले.

शामसुंदर, त्यांचा धाकटा भाऊ. देवराज मोहल्ल्यातल्या दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून दोघांचं फाटलं, आणि शामसुंदर बेट्टदपुरला जाऊन राहिला. पाटी गेली, दुकान गेलं, अबोला तेवढा राहिला.

मृण्मयी भडकलीच. "काय केलंत हे! म्हाताऱ्या माणसाने धसका घेतला तर?"

"घेऊ दे की! जित्या भावाकडे येत नाही, मेलेल्याकडे तरी येईल. मला त्याला बघायचंय गं. एकदाच. मग हवं तेवढं भांडू दे."

तिने परत परत फोन लावून पाहिला. कुणी उचलेना. "निघाले असतील," गौराबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या आणि नवऱ्याला रागावायचं विसरून भाताला आधण ठेवायला गेल्या.

मग नुसती वाट पाहणं. संताजीराव दारातल्या खुर्चीत बसले. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ते मृण्मयीला सांगत राहिले, कुंकवाच्या रंगात शामूचा हात कसा चालायचा, आईचा मार चुकवायला दोघे वाळत घातलेल्या लुगड्यांआड कसे लपायचे. ऐकता ऐकता मृण्मयीचाही राग कुठल्या कुठे गेला.

ऊन उतरलं तेव्हा फाटकाशी गाडी थांबली. शामसुंदरची मुलगी विद्याश्री उतरली. हातात हार, डोळे रडून सुजलेले. दारात आपल्या थोरल्या काकांना बघून ती फाटक धरूनच उभी राहिली.

"दोड्डप्पा? तुम्ही..."

"जिता आहे मी! माझी चूक, माझी एकट्याची," ते लगबगीने पायऱ्या उतरत म्हणाले. त्यांची नजर तिच्यामागे गाडीत शोधत होती. "शामू का उतरत नाही? अजून राग धरलाय? अरे ये की बाहेर, हवं तर मार मला!"

गाडीतून कुणी उतरलं नाही.

"अप्पा मागच्या पावसाळ्यातच गेले, दोड्डप्पा," विद्याश्री म्हणाली. "त्यांचा फोन मीच उचलला. जाताना त्यांनी शपथ घातली, कुणालाही कळवायचं नाही. म्हणाले, पहिला फोन दादालाच जाईल, आणि मग माझ्या मरणाचा निरोप घरोघर त्यालाच सांगावा लागेल. त्याला ते जमायचं नाही."