तुलनेसाठी घेतलेलं रक्त

प्रयोगशाळेतून आलेल्या बाईंनी या खेपेला फक्त म्हातारीच्या दंडाला पट्टा बांधला. शेजारी बाही सरसावून बसलेल्या तिच्या मुलाकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हातारीच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

"याचं नाही घ्यायचं?" तिने विचारलं. गेल्या वेळी तुलनेसाठी म्हणून दोघांचंही रक्त नेलं होतं.

"त्यांचं पुरेसं आहे," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

म्हातारीची उमेदीची सगळी वर्षं बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली होती. बिनतिकिटाचा माणूस खिडकीबाहेरच बघतो, हे तिला पाठ होतं. पण शहाण्णवाव्या वर्षी ती कुणाला खाली उतरवणार?

नळी भरता भरता बाईंना बोलण्याचा उत्साह आला. शरीर म्हणे स्वतःच एक द्रव्य बनवतं. पेशींमधला जुना कचरा ते साफ करत असावं, माणूस त्यामुळे जास्त जगत असावा. वयाबरोबर ते आटतं. म्हातारीचं मात्र एखाद्या तरण्याताठ्या माणसाइतकं होतं.

"खात्रीने नाही सांगता येत अजून. पण आजी, तुम्ही शंभरी सहज गाठाल!"

मुलगा हसला. सत्तरीला टेकलेला हा गडी स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आला तरी धापा टाकत असे. "हिला काय धाड भरलीय? मला पोचवूनच जाईल ही." हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. तो उठून आत गेला.

त्याची पाठ वळताच म्हातारीने बाईंचं मनगट धरलं. "त्याचं किती निघालं?"

"आजी, तो नुसता एक आकडा असतो. त्यावरून कुणाचं आयुष्य..."

"पोरी, मला गुंडाळू नकोस."

बाई कापसाचा बोळा दाबत राहिल्या. "फार कमी आहे," शेवटी त्या पुटपुटल्या.

थोरला मुलगा गेला तेव्हा म्हातारी ऐंशीची होती, मुलगी गेली तेव्हा नव्वदीची. आता हा एवढाच उरला होता.

"माझ्यातलं त्याला देता येतं?"

"नाही हो, आजी."

आत नळ वाहत होता, खोकला चालूच होता. म्हातारीने बाही खाली ओढली, दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"मग माझं कमी कशाने होईल, तेवढं सांग."