ओळख चालत नाही

हंबीररावानं आकाराम सरांना रांगेत पाहिलं आणि तो स्टुलावरून उठलाच.

"सर, तुम्ही हितं? चला की आत."

"नको. रांग हाय."

"अवो, पण..."

"हंबीरराव, नियम कुणी केलाय?"

शिपाई परत स्टुलावर टेकला. आमदार क्रांतीताईंच्या कसबा बावड्यातल्या कार्यालयात एक नियम फार कडक होता. शनिवारच्या जनता दरबारात ओळख चालत नाही. मोठा बागायतदार असो नाहीतर शेजारची म्हातारी, आलेल्या क्रमानं बसायचं. ताईंचा सख्खा भाऊ एकदा थेट केबिनमध्ये घुसला होता, तर त्यांनी त्याला सगळ्यांसमोर उठवून मागं बसवला. मतदारांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या निवडणुकीत निम्मा प्रचार त्या एका किश्श्यावरच झाला.

सर बाकावर टेकले. शेजारी बायडाबाई होती, रेशनकार्डाच्या कामाला भाकरी बांधून आलेली. तोंडाला कुलूप लावायची सवय तिला नव्हती.

"पावणं, कुठलं?"

"गडहिंग्लजच्या पुढं शाळा हाय. मास्तर हाय मी."

"आन काम?"

"बदली. बायको हितं बावड्यात, मी तिकडं."

"लेकरंबाळं?"

"एक पोरगी. लगीन होऊन पुण्याला गेली."

"मग जेवणाचं वो?"

"करतो की. भात टाकतो." सर हसले. "एकट्याला किती टाकावा, अजून कळत न्हाय. उरतोच."

बायडाबाईला वाईट वाटलं, पण चौकशी काही थांबली नाही. "आयतवारी यायचं की हिकडं."

"येतो. ती घरात नसती. आयतवार नाही, सण नाही, माणसं दारात उभीच असत्यात. कुणाचं काय, कुणाचं काय."

"दवाखान्यात हाय व्हय कामाला?"

सरांनी नुसती मान हलवली. बायडाबाईनं तिचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला आणि नर्सबायकांच्या हालाबद्दल दोन शब्द बोलून घेतले.

हंबीरराव चहा घेऊन आला, फक्त सरांना. बायडाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. "ताईंची ओळख दिसतीया तुमची."

"एका शाळेत हुतो आम्ही."

होते खरंच. तेव्हा त्या नुसत्या क्रांतीबाई होत्या, चौथीच्या वर्गाच्या. दोन वर्गांमध्ये पत्र्याची भिंत. पलीकडून बाईंचा आवाज आला की सर आपल्या पोरांना गणितं घालून नुसते ऐकत बसायचे. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, बाईंनाही नाही. काही गोष्टी बोलायच्या राहून जातात, आणि मग त्या बोलायला आपण फार म्हातारे झालेलो असतो.

पट कमी म्हणून ती शाळा बंद करायचा हुकूम आला, तेव्हा क्रांतीबाईंनी पोरांना एसटीत घालून कोल्हापुरात आणलं आणि जिल्हा परिषदेच्या फाटकासमोर वर्ग भरवला. फळा आकाराम सरांनी धरला होता. पेपरातल्या फोटोत फळा दिसतो, सर दिसत नाहीत. शाळा वाचली. बाई आधी जिल्हा परिषदेवर गेल्या, मग विधानसभेवर. नवरा एका तालुक्यात आणि बायको दुसऱ्यात, अशा शिक्षकांसाठी तर त्या सभागृहात इतक्या भांडल्या की मंत्र्यांना घाम फुटला. कितीतरी संसार त्यांच्यामुळं एका छपराखाली आले. ते भाषण सरांनी आपल्या भाड्याच्या खोलीत टीव्हीवर ऐकलं होतं, मांडीवर ताट घेऊन.

ते आठवलं आणि सरांना एकदम फार एकटं वाटलं. उठून एसटी पकडावी, असंही मनात आलं. तेवढ्यात आतून पुकारा झाला.

केबिनचं दार उघडंच असायचं, कोण काय मागतो ते सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. ताई मान खाली घालून सह्या करत होत्या.

"बोला, काय काम?"

"बदलीचं."

पेन थांबलं. ताईंनी वर पाहिलं. "सर? तुम्ही रांगेत होता?"

"सकाळपासून."

"फोन करायचा."

"केलता. मीटिंग चालू हाय म्हणाले."

बाकावरची माणसं माना उंचावून बघायला लागली. ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमची बदली केली तर लोक काय म्हणतील, माहीत आहे ना? ओळखीच्या माणसाची सोय लावली म्हणतील."

"म्हणून तर इतकी वर्षं गप बसलो. पण आता रिटायर व्हायला आलो. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी शाळा भरंस्तवर मला माझाच आवाज ऐकू येत न्हाय. बोलणार कुणासंगं? तुमच्या नियमात बसत असंल तर बघा, नसंल तर जातो."

ताईंनी चष्मा उचलून परत डोळ्यांवर चढवला. बाहेर बायडाबाईनं पदर डोळ्याला लावला.

"राजवर्धन," अखेर ताई म्हणाल्या, "ह्यांचं घ्या लिहून. रांगेतनं आलेत."

राजवर्धन हा ताईंचा पीए, नुकताच मुंबईहून आलेला. माणूस नवा, पण कामात पक्का.

"पती-पत्नी एकत्रीकरण ना, सर? मग पत्नीची संमती लागेल. ती नसली की प्रकरण परत येतं. त्या तयार आहेत ना?"

"इचारलं न्हाय अजून," असं म्हणून सर ताईंकडं वळले. "क्रांती, येऊ का गं घरी राहायला?"