अडकलेली रेस

सर्जेरावांनी पाय उचलला, तरी गाडी पळतच राहिली.

कौसल्याला आधी वाटलं, नवऱ्याला ऐट आली. गाडी नवीकोरी, आज पहिल्यांदाच तिच्या माहेरी जाफराबादला निघालेली, आणि टेंभुर्णी मागे पडली की टोकायला कोणी नाही. मिरवू द्यावं माणसाला. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड पांढरं पडलं होतं.

"अहो, हळू घ्या ना!"

"रेस अडकली. पाय काढला तरी वर यीना."

पुढे गावातल्याच मच्छिंद्रनं अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. डांबर तापतं म्हणून सुगीत सगळेच घालतात. डोक्याला टॉवेल गुंडाळून, गाडीकडे पाठ करून, तो निवांत पायानं दाणे परतत होता. उरलेल्या अर्ध्या रस्त्यातून समोरून एसटी येत होती.

सर्जेरावांनी हॉर्नवर हात दाबला आणि ब्रेक मारला, सोडला, पुन्हा मारला, पुन्हा सोडला. भरलेली ट्रॉली घेऊन उतार उतरताना जन्मभर असंच केलेलं. गाडी दबायची आणि पुन्हा उसळी घ्यायची. मग त्यांनी क्लच दाबला. इंजिन एकदम असं किंचाळलं, की चटका बसल्यासारखा त्यांनी पाय मागे घेतला. गाडी परत सुसाट.

इंजिनाला फुकटची रेस दिलेली या माणसाला सोसत नसे, हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. त्यांच्या ट्रॅक्टरवर बसून कोणी उगीच रेस दिली, की पाहुणा असो नाही तर जावई, सर्जेराव त्याला खाली उतरवत आणि चारचौघांत त्याची बिनपाण्यानं करत. मच्छिंद्रची तर गेल्या पोळ्याला अशी केली होती, की तो कितीतरी दिवस बोलत नव्हता. बायकोवर कधी आवाज चढवला नाही, पण इंजिनावरून गावात कोणाला सोडलं नाही, असा हा माणूस.

त्यांचा हात चावीकडे गेला. कौसल्यानं त्या हातावर फटका मारला.

"चावी नका काढू! स्टेरिंग अडकतंय!"

त्यांची लेक शीतल जालन्याला गाडी शिकत होती. सुट्टीत घरी आली, की चुलीपाशी बसून हे सगळं घोकायची. भाकरी थापता थापता कौसल्याला ती नुसती वटवट वाटायची. आता त्यातला शब्द न् शब्द तिच्या तोंडात आला.

"ब्रेक दाबून धरा. बिलकुल सोडू नका. क्लच बी दाबा!"

"इंजन फाटंल गं!"

"फाटू द्या! संसार इंजनासंगं मांडला का माझ्यासंगं?"

सर्जेरावांनी दोन्ही पाय रोवले.

"आता न्यूट्रल करा. जल्दी!"

त्यांनी गिअर ओढला. इंजिन जीव जाईल असं बोंबलत होतं, आणि सर्जेराव डोळे बारीक करून, दात खाऊन, ते ऐकत होते. पण पाय हलू दिला नाही. गाडी मंद होत होत कडेच्या मातीत उतरली आणि सोयाबीनच्या अलीकडे थांबली. एसटी शेजारून निघून गेली.

"आता काढा चावी," कौसल्या म्हणाली.

सगळं गप्प झालं. सर्जेरावांनी गाडीकडे पाहिलंच नाही. आधी तिच्याकडे वळले.

"लागलं का कुठं तुला?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग ते वाकले आणि रेसच्या पॅडलवर चढून बसलेली घडी त्यांनी ओढून काढली. गोधडीचा तुकडा. नव्या गाडीत सर्जेराव वहाणा घालून बसत नसत, त्या डिकीत ठेवत. अनवाणी पायाला खालचं रबर टोचू नये म्हणून सकाळीच कौसल्यानं ती घडी मायेनं अंथरली होती.

"माझ्या हातानंच..." एवढंच तिला बोलता आलं.

सर्जेरावांनी ती घडी आपल्याखाली सीटवर सरकवली आणि तिच्यावर बसले.

मच्छिंद्र धावत आला आणि काचेशी वाकला. "दादा, काय झालं? केवढा आवाज आल्ता! मला वाटलं, इंजन फुटलं."

कौसल्यानं मान खाली घातली. आता हे संध्याकाळच्या आत टेंभुर्णीच्या पारावर जाणार, आणि उद्या माहेरी. नवऱ्याच्या पायाखाली गोधडी घालून दोघांचाही जीव घ्यायला निघालेली बाई. लग्नाकार्यात बसलं की बायका हेच काढतील. आणि सर्जेराव काय सांगणार, हेही तिला माहीत होतं. इंजिनाच्या बाबतीत हा माणूस देवापुढेसुद्धा खोटं बोलला नसता.

सर्जेरावांनी उपरण्यानं मान पुसली.

"काय न्हाई रे. जरा रेस देऊन पाह्यली."

"तुम्ही?"

"हौस आली."

मच्छिंद्रला जे हसू फुटलं, ते आवरेना. दाराला धरून तो हसत सुटला. कौसल्याला मात्र गलबलून आलं. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

"दादा," मच्छिंद्र डोळे पुसत म्हणाला, "हे मी आज पारावर सांगणार बरं का. समद्यांना सांगणार."

"सांग," सर्जेराव म्हणाले.