स्वागताचं भाषण

पक्षिमोजणीला स्वयंसेवक म्हणून आलेल्या सासूबाई तळ्याकाठी श्वास रोखून बसल्या होत्या. दूरदेशातून आलेला बदकांचा थवा नुकताच पाण्यावर उतरला होता. तेवढ्यात उद्यानाचे अधिकारी असलेल्या जावईबापूंनी स्वागताच्या भाषणासाठी माइक उचलला. गेल्या वर्षी त्यांचं भाषण ऐकून पाहुणे असे उडाले, की परतलेच नाहीत आणि मोजणीत भोपळा मिळाला. यंदाही भोपळा मिळाला, तर उद्यानाचं संरक्षण उठून मधोमध रस्ता जाणार होता. सासूबाईंनी शांतपणे उठून माइक घेतला, त्यातले सेल काढले आणि ब्लाऊजमध्ये खोचले. "आई, मोठे साहेब ऐकायला आलेत. माझी बढती अडकेल," जावई कळवळले. "मग साहेबांच्या कानात बोला, जावईबापू." "सेल द्या, नाहीतर मोजणीतून तुमचं नाव कापेन." "खुशाल कापा," दुर्बीण डोळ्यांना लावत त्या म्हणाल्या, "सेल हवे असतील, तर या, घ्या काढून."