पुतळ्याचं वजन

सलूनच्या दाराशी ठेवलेली आईची खुर्ची रिकामी होती. शेजारी पायरी दुरुस्त करायला आणलेल्या विटांचा ढीग तेवढा होता.

फायरमनला आज तासभर आधी सोडलं होतं. पुढच्या आठवड्यात वार्षिक चाचणी होती. वाळू भरलेला पुतळा पाठीवर घ्यायचा आणि न थांबता तीन मजले चढायचे. मागच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच त्याने पुतळा खाली ठेवला होता. यंदा ठेवला तर बंबावरून उतरवून कायमचं फोन घ्यायला बसवीन, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

“आई कुठाय?”

सलूनवाल्याच्या हाताखाली गालभर फेस लावलेलं गिऱ्हाईक होतं. त्याने वस्तऱ्यानेच जिन्याकडे खूण केली.

फायरमनने जिन्याच्या तोंडाशी उभं राहून मान वर केली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आई होती. कठड्याला नुसतं बोट लावून ती चढत होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि वळून खाली यायला लागली.

पाय मोडल्यापासून याच आईला तो रोज पाठीवर नेत होता. जेवणाच्या सुट्टीत खाली, ड्यूटी सुटली की वर तिसऱ्या मजल्यावरच्या घरी.

तो झटकन सलूनमध्ये शिरला.

“कधीपासून हे?”

“प्लास्टर निघाल्यावर थोड्याच दिवसांत,” सलूनवाला म्हणाला. “डॉक्टरांनी जिना चढायलाच सांगितलंय त्यांना. मला सक्त ताकीद आहे, बंबवाल्यापाशी तोंड उघडलंस तर याद राख. म्हणाल्या, त्याने दोरीउड्यांची दोरी आणली, तिच्यावर टॉवेल वाळतात. पळायचे बूट आणले, ते घालून तो दूध आणायला जातो. उभ्या जन्मात मला पाठीवर न्यायची ही एकच कसरत त्याने रोज केलीय.”

गिऱ्हाईक फेसातल्या फेसात हसलं.

“हलू नका, कान जाईल,” सलूनवाल्याने त्याला दटावलं.

फायरमन आरशात बघत राहिला. पोट होतंच, पण पट्टा दोन भोकं आत गेला होता. बाहेर खुर्ची करकरली. तो आणखी थोडा वेळ थांबला, मग बाहेर आला.

“आज लवकर रे?”

“सोडलं.”

“बरं झालं. बसून बसून अंग आंबलं माझं.”

तो पाठ करून वाकला. आईने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि पाय निर्जीव असल्यासारखे लोंबते सोडले. विणकामाची पिशवी नेहमीप्रमाणे तिच्या खांद्याला होती.

पहिल्या मजल्यावर तो म्हणाला, “जड झालीस तू.”

“सुनेच्या हातचं खाते. तिला सांग जाऊन.”

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवीचा कोपरा त्याच्या बरगडीत घुसला. लोकर काही एवढी टोचत नाही. आईचं काळीज त्याच्या पाठीवर धडधडत होतं. तिचा दम अजून बसला नव्हता. त्याने पावलं हळू केली.

“का थांबलास?”

“थांबलो नाही. हळू चढतोय.”

“हळू कशाला? आग लागलेल्या घरात असाच जाणार का?” तिने त्याच्या मांडीला टाच मारली. मोडलेल्या पायाची.

शेवटच्या पायऱ्या त्याने एका दमात काढल्या. दारापाशी त्याने आईला उतरवलं, तिच्या खांद्यावरची पिशवी काढून जमिनीवर ठेवली. फरशी वाजली. दोघंही भिंतीला टेकून धापा टाकत उभे राहिले. घामाचा थेंब त्याच्या नाकावरून पिशवीवर पडला.

तो खाली बसला आणि लोकरीचे गुंडे बाजूला सारले. तळाशी तीन विटा होत्या. ओरखडा पडू नये म्हणून एकेक जुन्या मोज्यात घातलेली.

आई जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघू लागली.

“पुतळा याहून जड असतो, आई,” तो म्हणाला.

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा घाम पाहिला, खाली पिशवीकडे पाहिलं. मग कुणाचाही हात न धरता कठड्यापर्यंत चालत गेली आणि खाली वाकून ओरडली,

“अरे ए सलूनवाल्या! उद्याला आणखी दोन विटा काढून ठेव रे!”