चपलांखालचं बटण

सानिकानं दाराबाहेर आजोबांच्या चपलांखाली बटण बसवलं, त्याला वायर आणि वायरला स्पीकर जोडला. चपला ठेवल्या की यंत्र म्हणणार, "आजोबा आले." उचलल्या की, "आजोबा गेले." कार्यशाळेतल्या बाईंनी प्रोग्रॅम तपासून शाबासकी दिली.

शनिवारी सगळे बाहेर पडल्यावर आजोबा कुलूप लावून कोथिंबीर आणायला निघाले. चपला उचलताच जिन्यात खणखणीत आवाज घुमला, "आजोबा गेले." त्यात चूक काही नव्हती. ते गेले.

जुडी घेऊन परतले, तर समोरचे खोपकर कुलपाकडे बघत पायरीवर बसून रडत होते. पार्किंगवरून भांडण झाल्यापासून नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. "लाख माणूस होता हो," ते शेजाऱ्यांना सांगत होते. आजोबांनी त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग दोघांसाठी चहा टाकला.

संध्याकाळी सानिका रडवेली होऊन कॉम्प्युटरपाशी बसली. "आजोबा, एकच शब्द घालायचाय, 'बाहेर'. दोन मिनिटांत करते."

"थांब," आजोबा म्हणाले. "माझा सांगलीचा भाऊपण बोलत नाही. तिथवर ऐकू जाईल एवढा स्पीकर मिळतो का, ते आधी बघ."